वरातीमागून घोडं

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. चंद्रपूरकडेही ते काही कमी नाही. तरी एवढ्या हिरव्या पसाऱ्यात दोन माणसांना निवांत बसायला जागा नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पुण्याचा माझा एक मित्र दर वेळी म्हणतो, "तुमचं बरंय रे, एकांत दाराशी!" आता त्याला काय सांगणार? ताडोब्याच्या बफरमध्ये मोहाखाली बसावं, तर आधी वाघाचा विचार करावा लागतो. वाघाला देवावर सोडलं, तरी समोरच्या सागाला वनखात्याचा कॅमेरा बांधलेला असतो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जिवाचा फोटो काढतो. व्याघ्रगणनेच्या कागदात "नर, प्रौढ, दोन" अशी आपली नोंद व्हावी, इतकी काही मला प्रसिद्धीची हौस नाही. बरं, शहरात यावं, तर रामाळा तलावाकाठी फिरायला येणारे निम्मे लोक आमच्या शाखेचे खातेदार. जटपुरा गेटातून दोघांनी एका स्कूटरवर जावं, तर तिथली कोंडी. कोंडीत अडकलेल्या माणसाला दुसरं काही काम नसतं. तो आजूबाजूला कोण कोणाच्या मागे बसलंय ते बघतो.

तसा हा मुलूख लपवाछपवीला अगदी नवखा नाही. 2015 मध्ये चंद्रपुरात दारूबंदी आली आणि 2021 मध्ये उठली. मधल्या काळात मी एक मौज पाहिली. ज्यांनी जन्मात कोणापासून काही लपवलं नव्हतं, अशा सरळमार्गी, बायकापोरांच्या माणसांना अचानक आडवाटा शोधाव्या लागल्या. कोणाला विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, काळी पिशवी कुठल्या डिकीत ठेवायची, घरी काय सांगायचं, आणि रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं तर चेहरा कोरा कसा ठेवायचा. आमचे एक ज्येष्ठ सहकारी वैतागून म्हणाले, "गुन्हा काय केलाय हो आपण, की असं तोंड लपवत हिंडावं?" मी गंभीरपणे मान हलवली. हे शिक्षण मी विसाव्या वर्षापासून घेत होतो आणि फीसुद्धा वेळच्या वेळी भरत होतो. बंदी उठली तशी ती मंडळी पुन्हा उजळ माथ्यानं हिंडू लागली. मी आपला त्याच वर्गात. शेजारच्या गडचिरोलीत तर 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडच्या माणसांची या विषयातली तयारी आमच्याहून पक्की असते. मास्तर गडचिरोली जिल्ह्यातले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्टीच्या, एका नाटक कंपनीत ते ऑर्गन वाजवतात, आणि वडशात त्यांना दुसरं नाव असेलच तर ते फक्त त्यांच्या आधार कार्डाला ठाऊक. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. दिवाळी सरून धान घरात येऊ लागलं की इथल्या रस्त्याला नाटक कंपन्यांच्या पाट्या लागतात. गावोगावची मंडळी येतात, पोस्टरं बघतात, नायिका कोण याची बारकाईनं चौकशी करतात, घासाघीस करतात आणि नाटक ठरवून जातात. गावात मंडईची जत्रा असो की बैलांचा शंकरपट, रात्री नाटक हवंच. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात. रात्री दहाच्या सुमाराला उघडलेला पडदा कोंबडं आरवेपर्यंत चालतो. 2023 मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं मुंबई-पुण्याकडच्यांनी इकडं जरा मान वळवली. इकडच्या माणसाला मात्र मुंबईचं नाटक तीन तासांत संपतं आणि तरी लोक पैसे परत मागत नाहीत, याचंच नवल वाटतं.

आमची ओळख झाली तेव्हा माझी ब्रह्मपुरीला बदली झालेली होती. वैनगंगा ओलांडली की पलीकडं वडसा. कंपनीच्या तिकीटविक्रीची पिशवी घेऊन मास्तर काउंटरवर आले. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा, काही दवानं ओलसर, आणि सगळ्यांना तंबाखूचा वास. मी त्या यंत्रात घालत होतो आणि समोरचा माणूस काउंटरच्या फळीवर बोटांनी काहीतरी वाजवत होता. यंत्राची फडफड आणि त्याची बोटं एकाच लयीत चालली होती. ती रोकड मी पुन्हा एकदा मोजली. गरज नव्हती. पुढचं लिहीत नाही. वाचकांनी सिनेमे पाहिलेले आहेत, फक्त त्यात बाग असते, आमच्याकडं बँकेतला वॉटर कूलर होता.

ग्राहक म्हणून जे 'अहो' सुरू झालं ते बदलायचं राहूनच गेलं. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. भांडतानासुद्धा. आमचं पहिलं भांडण खर्ऱ्यावरून झालं आणि दुसरं, तिसरंही त्यावरूनच. झाडीपट्टीत खर्रा हे व्यसन मानत नाहीत, ते शिष्टाचारात मोडतं. प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घेऊन मास्तर तो मांडीवर घोटायला बसतात. आधी चारही कोपरे जुळवून घेतात, मग तळहाताच्या टाचेनं रेटा देत देत पुढं नेतात, मागं आणतात. प्लास्टिक चरचरतं, आतला ऐवज हळूहळू तांबूस होतो, तेव्हा ते पुडीचं तोंड उघडून एकदा वास घेतात आणि पुन्हा दहा-बारा रेटे देतात. हे सगळं एवढ्या हळुवारपणे चालतं की मला त्या पुडीचा हेवा वाटतो. "साहेब, कॅन्सरचं सांगू नका, गडचिरोलीत पोरगंपोरगं ते ऐकून आहे," असं म्हणून ते पुडी गालात भरतात, आणि मग पुढचा अर्धा तास ते फक्त भुवयांनी बोलतात.

तर अशा आमच्या नव्या संसारात माझ्या भाचीचा फोन आला. ती नागपूरला शिकते. म्हणाली, "मामा, रविवारी प्राईड आहे. येताय ना दोघं?" मी विचारलं, "दोघं म्हणजे कोण?" पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मामा, तुम्ही गेल्या दिवाळीत घरी तीन वेळा झाडीपट्टी रंगभूमीवर व्याख्यान दिलं. आईनंसुद्धा विचारलं, हा माणूस कोण." मी फोन ठेवून घाम पुसला. मी इतकी वर्षं सांभाळलेलं रहस्य मीच चिवड्याबरोबर वाटत होतो, असं दिसलं.

प्राईड हा प्रकार मला ऐकून ठाऊक होता. 2 जुलै 1999 ला कोलकात्यात पंधराएक माणसं पिवळे टी-शर्ट घालून रस्त्यानं चालली, तिथपासून आपल्या देशात याची सुरुवात मानतात. पंधरा माणसं! आमच्याकडं बारशालाही याहून जास्त येतात. मुंबईकरांनी 2008 मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा काढला, तोही 16 ऑगस्टला. म्हणजे देशाचं कालच झालं, आज आमचं बघा. ही तारीख ज्याला सुचली त्याला मी मनातल्या मनात सलाम केला होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं 2011 मध्ये सुरुवात केली. नागपुरात सारथी ट्रस्टच्या मंडळींनी 2016 मध्ये ऑरेंज सिटीचा पहिला मोर्चा काढला. ध्यानात घ्या, आम्हाला गुन्हेगार ठरवणारं कलम 377 तेव्हा शाबूत होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते आमच्यापुरतं निकामी केलं 6 सप्टेंबर 2018 ला. त्याआधी दोन वर्षं भर नागपुरात तोंड दाखवून चालणारी ती पोरं मला त्या वेळी वेडी वाटली होती. मी तेव्हा चंद्रपुरात शाखेचं तिमाही विवरण भरत होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो. आता सगळं झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, मी निघणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मास्तरांना विचारलं, तर त्यांची अडचण निराळीच. "सीझन चालू आहे साहेब. शनिवारी रात्री सिंदेवाहीकडं प्रयोग, रविवारी रात्री आरमोरीकडं. मधला दिवस मोकळा, पण झोप?" भीती वगैरे त्यांच्या गावीही नव्हती. हजारो लोकांसमोर रोज रात्री बसणाऱ्या माणसाला गर्दीचं काय! मी मात्र फोन आल्या दिवसापासून काळजी करायला घेतली. कोण भेटेल, काय विचारेल, मी काय उत्तर देईन. एक उत्तर तयार ठेवलं होतं की नागपूरला मेडिकलमध्ये पेशंट बघायला आलो होतो, चुकून गर्दीत सापडलो. चंद्रपूरच्या माणसाला नागपुरात कोणीही भेटो, कारण मेडिकलच असतं, त्यामुळे ते खपलं असतं.

कपड्यांवरून एक पेच झाला. भाचीचा हुकूम होता, रंगीत काहीतरी घाला. माझ्या कपाटात साय, राख आणि धूळ या तीन रंगांचे शर्ट आहेत. चंद्रपुरात कोळशाची इतकी धूळ उडते की माणूस आपोआप तिच्या रंगाचे कपडे घ्यायला लागतो. मास्तर रविवारी सकाळी नागपूरच्या स्टँडवर उतरले ते रात्रभर वाजवून, लाल डोळ्यांनी, आणि त्यांच्या खांद्यावर जांभळा जरीचा शेला. कंपनीच्या पेटाऱ्यातला. "राजाचा आहे," ते म्हणाले. "आज रात्री पहिल्याच अंकात लागतो. डाग पाडायचा नाही." म्हणजे देशातल्या समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी निघालेल्या त्या मोर्चात आम्ही दोघं मुख्यतः एक शेला जपत चाललो होतो.

संविधान चौकात पोचलो तर दीड-दोनशे माणसं जमली होती आणि आणखी येत होती. मी मास्क लावला. काळा चष्मा लावला. टोपीही आणली होती, पण ती घातल्यावर मी सोनसाखळी चोर दिसतो असं भाची म्हणाली. मास्क लावलेले आणखीही बरेच होते. त्या सगळ्यांकडं बघून मला वाटलं, हे आपले खरे भाऊबंद.

आणि मग चौकाच्या कडेला, रसवंतीच्या गाड्यापाशी उभ्या एका गृहस्थांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. ते सरळ चालत आले. चंद्रपूरचे, आमच्या शाखेचे जुने पेन्शनर. खरोखरच कोणाला तरी घेऊन मेडिकलमध्ये आले होते. जवळ येऊन म्हणाले, "साहेब, ते पासबुकचं मशीन सुरू झालं का जी?"

मास्क, चष्मा, मागं सहा रंगांचा झेंडा, बाजूला गालांना चमचम लावलेली कॉलेजची पोरं, ढोल. आणि यांना पासबुक. मी मास्कमधूनच म्हणालो, "मंगळवारी या, होऊन जाईल." ते समाधानानं "बरं जी" म्हणाले, मास्तरांच्या शेल्याकडं एकदा पाहिलं, "नाटक आहे वाटते" असा स्वतःशीच निकाल दिला आणि रस प्यायला गेले. मी मास्क काढून खिशात घातला. ज्या तोंडावर इतक्या लोकांच्या पासबुकच्या तक्रारी रोज येऊन आदळतात, ते तोंड कापडाच्या तुकड्यानं काय झाकणार!

नागपूरचं एक वैशिष्ट्य मी विसरलो होतो. दर डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं भरतं आणि अख्ख्या महाराष्ट्रातले मोर्चे या शहरावर येतात. शिक्षकांचे, अंगणवाडी ताईंचे, शेतकऱ्यांचे, विनाअनुदानितवाल्यांचे, आरक्षणाचे. नागपूरकराला मोर्चाचं कौतुक नाही, भीती तर मुळीच नाही. आमची मिरवणूक निघाली, तर दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "कोणाचा मोर्चा?" एका पोरानं अभिमानानं सांगितलं. काकांनी मान डोलावली. "मागणी काय?" पोरगं गडबडलं. त्यानं लग्नाचा हक्क, दत्तक, समान संधी असं बरंच सांगितलं. काका म्हणाले, "निवेदन कोणाला देणार? आज रविवार आहे, ऑफिस बंद असते." हा त्यांचा एकच आक्षेप होता. लोक आपल्याला बघतील या भीतीत मी तीस वर्षं काढली होती. लोकांनी बघितलं आणि त्यांना सुटीचा वार आठवला.

घोषणा सुरू झाल्या तेव्हा मास्तरांच्या गालात खर्रा होता. सगळे ओरडत होते आणि हे ठेक्यावर नुसते हुंकारत होते. थुंकावं तर भाची म्हणाली, "मास्तरमामा, प्राईडमध्ये थुंकायचं नाही." गिळावं तर शक्य नाही. पार पुढच्या चौकापर्यंत ते भुवयांनी क्रांती करत होते. तरी त्यांचं लक्ष सगळं ढोलाकडं. वाजवणारी पोरं उत्साही होती, पण सम सापडत नव्हती. शेवटी एका नालीशी तोंड मोकळं करून ते आले ते सरळ ढोलवाल्यापाशी. "बेटा, पाय कुठं पडतो ते बघ, तिथं थाप दे. लोक चालताहेत ना." पोरानं दिली. आश्चर्य म्हणजे घोषणाही सरळ झाल्या. मग मास्तर मला म्हणाले, "बाकी मांडणी चांगली आहे साहेब. फक्त पहिला अंक फार लांबला, आणि खलनायक नाही."

खलनायक नाही हे मला तितकंसं पटलं नाही, पण तो शोधायला जावं तर तो सापडतही नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करणं संसदेचं काम, असं सांगितलं. तो दिवस मला लख्ख आठवतो. डॉ. आंबेडकरांनी नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात दीक्षा दिली. दर वर्षी त्या दिवसांत आमच्या दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांचा सागर लोटतो. निकालाच्या आदल्या दिवशीच तो सोहळा झाला होता. सकाळी बँकेत जाताना गर्दी पांगलेली होती, पुस्तकांचे स्टॉल आवरत होते, आणि दुपारी फोनवर बातमी आली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मास्तर अजून आयुष्यात यायचे होते. स्थळच नाही, तर मुहूर्त नाकारला म्हणून शोक कसला करायचा? मी कॅंटीनमध्ये जाऊन भजी खाल्ली. आता चौकातल्या त्या फलकांवर लग्नाच्या मागण्या वाचताना मात्र, शेला सावरत चाललेल्या माणसाकडं बघून, त्या निकालाचा राग मला बऱ्याच उशिरानं आला.

पोरंपोरी आमच्याभोवती जमली. त्यांना आमचं भारी अप्रूप. पन्नाशीतलं जोडपं, तेही चंद्रपूर-गडचिरोलीकडचं. एका मुलीनं अदबीनं विचारलं, "अंकल, तुमचे प्रोनाऊन्स काय?" मास्तरांनी मला विचारलं, मी जमेल तसं समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "अहोजाहो करा बेटा, वय झालं आता." दुसऱ्यानं आम्हाला एकत्र किती वर्षं झाली ते विचारलं. वर्षही पुरं झालं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला आम्ही तीस वर्षांचे हवे होतो. त्याला आदर्श हवा होता आणि आम्ही अजून टॉवेल कुठं वाळत घालायचा यावर वाद घालण्याच्या टप्प्यावर होतो.

मग फोटो. भाची म्हणाली, "हात धरा ना जरा!" आता गंमत बघा. आमच्याकडं बाजारात, यात्रेत, पोळ्याला, दोन बाप्ये करंगळीत करंगळी अडकवून हिंडतात, कोणी वळून बघत नाही. वडशाच्या आठवडी बाजारात मी आणि मास्तर कित्येकदा असे फिरलो आहोत, वांगी घेतली आहेत. पण इथं, जिथं हात धरायला लोक मुद्दाम जमले होते, तिथं आमचे हात कडक झाले. मास्तर चक्क सावधानमध्ये उभे राहिले. फोटोत आम्ही दोघं जिल्हा परिषदेचा पुरस्कार घ्यायला आलेले ग्रामसेवक दिसतो, एकाला राजाचा शेला मिळालेला. तो फोटो भाचीनं ठेवलाय, स्टेटसला न ठेवण्याच्या बोलीवर.

पाच वाजले तसं मास्तरांचं लक्ष उडालं. शेला वेळेत पोचवायला हवा. तर्रीपोह्यांची एकेक प्लेट उभ्यानं खाऊन, तर्रीपासून शेला दोन हात लांब धरून, आम्ही बस पकडली. उमरेड, भिवापूर, नागभीड. मास्तर खिडकीला डोकं लावून झोपले, ते माझ्या खांद्यावर आले, आणि कंडक्टरनं तिकिटाचे सुटे माझ्या हातावर ठेवताना हळू आवाजात सांगितलं, "झोपू द्या, नाटकवाले आहेत ना? रात्रभर जागतात बिचारे."

आरमोरीकडच्या त्या गावात पोचलो तेव्हा भोंग्यावर पुकारा सुरू झाला होता. कनातीच्या आत जमिनीवर तणीस पसरलेली, त्यावर सतरंज्या, गोधड्या, कडेवरची पोरं, म्हाताऱ्या, सगळं गाव आणि आजूबाजूची चार गावं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. शेला राजाकडं पोचता झाला. मी प्रेक्षकांत बसणार, तर मास्तर म्हणाले, "इथंच बसा साहेब, ऑर्गनपाशी." वाद्यवाले रंगमंचाच्या पुढ्यात बसतात, साऱ्या गावाच्या नजरेसमोर. मी बसलो. अर्ध्या तासात मला हुडहुडी भरली. मास्तरांनी डाव्या हातानं सूर धरून ठेवला आणि उजव्यानं आपली घोंगडी माझ्या खांद्यावर ओढली. मग आम्ही दोघं एकाच घोंगडीत, हजारभर माणसांसमोर, पहाटे पाचपर्यंत. एका म्हातारीनं मागून हाक मारली, "मास्तरच्या पावण्याला चहा द्या रे कोणी!" चहा आला. पुन्हा आला.

नाटकात दोन प्रेमिक होते, त्यांचे बाप आडवे येत होते, आणि पोरीला विहिरीत उडी मारायची होती. गाव रडत होतं. मधल्या विनोदी प्रवेशात मास्तर कानाशी बोलले, "माझा आजा दंडारीत नाचायचा. लुगडं नेसून. आजीचंच लुगडं. ती गावभर सांगत फिरायची, 'नाचतो बेस, पण काठ फाडून आणते.'" पुढं काय, म्हणून मी बघत राहिलो. पुढं काही नव्हतं. तेवढीच तक्रार होती.

प्रयोग संपल्यावर मास्तरांच्या घरी गेलो. त्यांची माय चुलीपाशी बसलेली. मला तिनं पिढा दिला, शेगडीशी सरकवला. "रातभर जागलास ना बाबू," म्हणाली. मग मुलाला विचारलं, दिवसभर कुठं होते दोघं. मास्तरांनी खरं ते सांगितलं. "नागपूरला गेलतो माय. मोर्चाला."

"मंग, भेटला का काही?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. हिशोब सांगायची पाळी आली की ते बँकेकडं बघतात. मी घसा साफ केला. आमच्या बँकेत ऑगस्ट 2024 अखेरीस एक परिपत्रक आलं होतं. केंद्राच्या वित्त मंत्रालयानं स्पष्ट केलं होतं की आमच्यासारख्या जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. ते मीच सही करून फाइलला लावलं होतं आणि फॉर्म काही आणला नव्हता. त्याच सुमाराला रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असं केंद्रानं राज्यांना कळवलं होतं. लग्न नाही, पण खातं आहे आणि धान्य आहे. हे सगळं मी त्या माउलीला माझ्या परीनं सोपं करून सांगितलं. जोडीदार या शब्दापाशी मी जरा अडखळलो. ती चुलीत काटकी सारत होती.

खात्यात तिला रस नव्हता. "रासनकार्डात नाव टाकता येते म्हणतोस?" तिनं विचारलं.

"येतं म्हणे."

"मंग टाक ना याचं," ती मुलाला म्हणाली. "माणसामागं पाच किलो देते सरकार. पाच किलो काही कमी नाही होत."

"माय," मास्तर म्हणाले, "साहेबांना पगार आहे. यांचं नाव टाकलं तर उत्पन्न वाढते. आपलाच कार्ड कटते."

तिनं माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच माझ्यात तिला काही खोट दिसली होती.

"किती पगार आहे?" तिनं विचारलं.